एका कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबंटू: कारखान्याच्या डिझाइनना धक्का न लावता जमेल का?

टॉवेलवाला · शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचा धंदाच धाग्याचा, पण इथं धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल पोटात घाला.

सोलापुरात पूर्व भागात घर आहे. खाली माग, वर आम्ही. टॉवेल काढतो. ऑफिसात एकच कॉम्प्युटर: आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज ११ आणि १ टीबीची जुनी हार्डडिस्क, तिला आम्ही डी ड्राइव्ह म्हणतो. डीमध्ये आमची सगळी जकार्डची डिझाइनं. डिझाइनचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या किल्लीवर चालतं, टॅली त्याच मशीनवर, जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकनही त्यालाच. रात्रपाळीचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा माणूस, किती माल उतरला त्याची नोंद त्यातच टाकतो.

मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. तिला उबंटू पाहिजे, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, लिनक्सच्या घराण्यातली. म्हणते, ‘बाबा, दोन्ही एकाच मशीनवर राहतात, सुरू करताना कुठलं पाहिजे ते विचारतं.’ राहत असतील. पण तीन वर्षांपूर्वी एका दुकानदारानं फॉरमॅट करताना डीसुद्धा पुसून टाकला आणि वर मलाच विचारलं, ‘बॅकअप नव्हता का?’ निम्मी डिझाइनं नमुन्याचे टॉवेल समोर ठेवून, लूप मोजून पुन्हा काढली. तेव्हापासून मशीनजवळ कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं तरी छातीत धस्स होतं.

तर साधा प्रश्न. ही दोघं एका घरात भांडणाशिवाय नांदतात का?

हुरडापार्टी · शुक्रवार, रात्री १०:५८

काका, डोक्याला ताप कशाला? व्हर्च्युअलबॉक्स टाका. विंडोजच्या आतच एका खिडकीत उबंटू चालतं. फॉरमॅट नाही, पार्टिशन नाही, म्हणजे डिस्कचे तुकडे करणं नाही. नको झालं की फोल्डर डिलीट करायचा, संपला विषय. यूएसबीची किल्ली विंडोजकडंच राहते. मी दोन सेमिस्टर असंच काढलंय.

कडकभाकरी · शुक्रवार, रात्री ११:३५

हुरड्या, सल्ला वाईट नाही, पण ८ जीबी रॅम बघ की बे. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागतं आणि उबंटूच्या डेस्कटॉपलाही ४ तरी द्यावं लागतं. दोघांना निम्मं निम्मं वाढलं तर दोघंही उपाशी. त्यात काकांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं तर बघायलाच नको.

काका, मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात सर्व्हर सांभाळतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

दोन सिस्टिम एका वेळी चालूच नसतात. एक झोपते तेव्हा दुसरी उठते, त्यामुळं रॅमवरून, प्रोसेसरवरून भांडण होत नाही. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं असायची ना, तसं समजा. खोल्या वेगळ्या असल्या तरी भांडण व्हायचं ते सामाईक गोष्टींवरून: नळ, जिना, दिंडी दरवाजा. इथं सामाईक गोष्टी मोजक्या आहेत आणि जवळजवळ सगळी रडगाणी त्यांचीच असतात.

पहिला दरवाजा. नव्या मशीनमध्ये यूईएफआय असतं, म्हणजे मशीन सुरू करून देणारा मूळ प्रोग्रॅम. ते चालू झाल्यावर डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये बघतं. त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात, फॅट-३२ प्रकारचं, विंडोज बहुतेक वेळा १०० एमबीचं करून ठेवतं. तिथं विंडोजचा एक फोल्डर असतो, उबंटूचा दुसरा. शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं राहतात. पण इन्स्टॉल करताना कुणी ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की दरवाजासकट वाडा जातो. तुमच्या दुकानदारानं असंच काही केलं असणार.

दुसरं, विंडोज बंद केलं की ते बंद होतंच असं नाही! विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा झोपेची गोळी घेऊन हायबरफिल नावाच्या फाइलीत जाऊन बसतो, सकाळी लवकर उठता यावं म्हणून. आता ड्राइव्हमध्ये कुठं काय आहे याची जुनी आठवण त्याच्याजवळ. मधल्या वेळात लिनक्सनं त्याच ड्राइव्हवर काही लिहिलं आणि मग विंडोज उठलं, तर त्याच्या आठवणीत एक आणि डिस्कवर भलतंच. फाइली खराब होतात त्या इथं. लिनक्स शहाणं आहे, असा झोपलेला ड्राइव्ह दिसला की बहुधा फक्त वाचायला उघडतं नाहीतर उघडतच नाही. लोक मग जबरदस्तीनं उघडायचे उपाय शोधतात आणि पायावर धोंडा मारून घेतात. खरा उपाय एका मिनिटाचा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढायची. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज पूर्ण बंद होऊन उठतं, ‘शटडाउन’ला होत नाही. नाव बघून वाटतं त्याच्या उलट.

घड्याळाचं उद्या लिहितो. बायको दिवा बंद करायला सांगतेय.

भुईकोट · शनिवार, सकाळी ६:५०

कडकभाकरी यांनी छान सांगितलंय. मी एका कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झालो. २००४-०५ च्या सुमारास आमच्याकडं चाळीस मशीन, प्रत्येकावर विंडोज एक्सपी आणि रेड हॅट लिनक्स. तेव्हा यूईएफआय नव्हतं. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, सुरू करायचा कोड मावावा लागे, त्यातही कोडला जागा ४४६ बाइट. एवढ्याशा ओट्यावर एकच जण बसणार. विंडोज नंतर टाकलं की ते आधीच्याला सरळ ढकलून देई आणि लिनक्स गायब झाल्यासारखं वाटे. म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम आम्ही लॅबच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. प्रायमरी पार्टिशनही चारच करता यायची, पाचवं लागलं की एक्स्टेंडेडचा खटाटोप.

आता जीपीटी, म्हणजे डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत, आणि यूईएफआयमुळं ओटा मोठा झालाय. तरी क्रम तोच ठेवावा. विंडोजनं दुसऱ्याचं काही पुसलं नाही तरी मोठ्या अपडेटनंतर रांगेत स्वतःला पहिलं लावून घ्यायची सवय त्याला अजून आहे. उबंटू गेलेलं नसतं, रांगेत मागं गेलेलं असतं. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नये, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन क्रम बदलावा.

जकार्डपत्ता · शनिवार, सकाळी ९:१५

विषयांतराबद्दल माफी. काका, तुम्ही टॉवेलवाले म्हणून राहवलं नाही. आमचे आजोबा चादरीच्या मागावर पुठ्ठ्याची कार्डं ओवायचे. भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डनं १८०४ मध्ये ते यंत्र आणलं, बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी भोकाच्या कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. म्हणजे कॉम्प्युटर हा आपल्या मागाचा नातू लागतो. नातीनं आजोबांच्या मशीनवर दुसरी सिस्टिम मागितली तर नाही म्हणू नका!

हुरडापार्टी · शनिवार, सकाळी ९:२२

भारी! आमच्या पुस्तकात जकार्डचं नाव वाचलं होतं, पण ते आपल्या चादरीचंच हे आज कळलं.

जुळेकरीण · शनिवार, सकाळी ११:०५

मी जुळे सोलापुरात घरूनच काम करते. एक गोष्ट कुणी सांगितली नाही, ती मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकले: बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला घातलेलं कुलूप.

लॅपटॉपवर उबंटू टाकायला बायोसमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे ओळख पटलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारा पहारा, बंद केलं. पुन्हा विंडोज सुरू करायला गेले तर निळी स्क्रीन, ४८ अंकी रिकव्हरी की मागतेय. मला तर डिस्क एन्क्रिप्ट आहे हेच माहीत नव्हतं. आताशा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच नव्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असतं. किल्ली त्या खात्यातच जमा असते, पण मी ते खातं कुठल्या ईमेलवरून काढलं हे आठवायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग होती, ती नणंदेच्या मोबाइलवरून केली.

काका, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का ते आधी बघा. असेल तर किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि बायोसला हात लावण्याआधी ते तात्पुरतं थांबवा. कागद कॉम्प्युटरच्या बॅगेत ठेवू नका. मी आधी तेही केलं होतं.

अक्कलकोटरोड · शनिवार, दुपारी १:३०

माझं रिपेअरिंगचं काम आहे. एक तोडगा सांगतो, मानायचा तर माना. एकाच डिस्कचे तुकडे करूच नका.

माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात केसमध्ये गोष्ट एकच असते: पार्टिशन लहान-मोठं करताना लाईट गेली. शेवटच्या बाजूनं जागा काढली तर काम थोडक्यात होतं. पण पार्टिशनची सुरुवात सरकवली तर आतला सगळा डेटा उचलून पुढं ठेवावा लागतो, तासन्‌तास चालतं, आणि मधेच लाईट गेली की अर्धा इकडं अर्धा तिकडं. डेस्कटॉपला बॅटरी नसते. यूपीएसची बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर तो नुसता शोभेचा डबा. आपल्याकडं उन्हाळ्यात काय होतं सांगायला नको.

काकांचा डेस्कटॉप आहे. मदरबोर्डवर साटाचं, म्हणजे डिस्क जोडायचं, एखादं भोक रिकामं असतंच. दुसरी एसएसडी लावा, त्यावर फक्त उबंटू. विंडोजची डिस्क त्याची, उबंटूची डिस्क त्याची. एक जळाली तरी दुसरी चालू.

पण एक खोच आहे. उबंटूच्या इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दाखवली तरी तो कधी कधी आपला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच टाकतो. वर्षभरानं ती डिस्क काढली की दोन्ही बंद. म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजच्या आणि डी ड्राइव्हच्या वायरी काढून ठेवायच्या. मशीन बंद करून, प्लग काढून. दिसणारच नाही तर पुसणार कसं? काम झालं की वायरी परत लावायच्या आणि सुरू करताना बूट मेनूची की दाबून निवडायचं. कुठल्या बोर्डला एफ १२, कुठं एफ ११, एफ ८, एफ ९. चालू होताना कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

कडकभाकरी · शनिवार, दुपारी २:१०

अक्कलकोटरोड यांना माझं मत. डेस्कटॉपला याहून स्वच्छ उपाय नाही. लॅपटॉपवाल्यांना पार्टिशनशिवाय गत्यंतर नसतं. त्यांनी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच सी ड्राइव्ह आकसावा, बाहेरच्या सॉफ्टवेअरनं नको. ड्राइव्हमध्ये बरीच जागा रिकामी दिसत असून विंडोज थोडीच सोडायला तयार होतं, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल अशा काही गोष्टी मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद केल्या की जागा सुटते.

आणि ज्यांना इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही त्यांनी बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या त्यांच्या खास पद्धती) चालू आहे का बघावं. ते सरळ बदललं तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवायचं, मग बायोसमध्ये एएचसीआय ही साधी पद्धत लावायची, सेफ मोडमध्ये एकदा उठवायचं, नंतर नेहमीसारखं.

हुरडापार्टी · शनिवार, दुपारी २:४०

मी अजून व्हीएमवरच, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सवरच, ठाम. एक शंका, काका. ताई उबंटूत बसलेली असताना जॉबर नोंद टाकायला आला तर? दोन सिस्टिम एका वेळी चालत नाहीत म्हणे. मग कारखाना थांबवणार?

टॉवेलवाला · शनिवार, रात्री ८:२०

एवढी उत्तरं! चहा तरी पाजायला पाहिजे सगळ्यांना.

हुरडापार्टी, शंका रास्त आहे. मुलगी रात्री आठ ते साडेअकरा बसते. जॉबर रात्री एकच्या सुमारास आणि सकाळी सहाला नोंद टाकतो. आमच्यात पाणी भरायचीही अशीच पाळी असते, जमेल.

तिला तुझं व्हीएमचं विचारलं. म्हणाली, कर्नल मॉड्यूलचं प्रॅक्टिकल आहे. मला त्यातलं काही कळलं नाही.

आणि कडकभाकरी, वाड्याचं उदाहरण कळलं, पण मला माझ्या मागावरून जास्त कळलं. टॉवेलच्या मागाला बीम दोन असतात. एक खालच्या कापडाचा, त्याला ताण जास्त. दुसरा लूपचा, तो सैल सोडावा लागतो. दोघांचा ताण वेगळा ठेवला तरच टॉवेल होतो, एकाच बीमवर दोन्ही घेतले तर नुसतं कापड निघतं. म्हणून दुसऱ्या डिस्कचं पटलं. उद्या आणतो.

हुरडापार्टी · शनिवार, रात्री ८:३१

काका, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्यात घालायचा तुकडा. ते असेल तर उलट व्हीएमच बरं! मॉड्यूल चुकलं की अख्खी सिस्टिम पडते. व्हीएममध्ये खिडकी पडते, बाकी सगळं शाबूत.

कडकभाकरी · शनिवार, रात्री ९:००

इथं पोरगं बरोबर बोललं, मान्य करतो. चुकीचं मॉड्यूल गाभ्यात शिरलं की उघडलेल्या कुठल्याही ड्राइव्हची वाट लावू शकतं. म्हणून काका, ताईंना एक अट घाला: उबंटूमध्ये असताना डी ड्राइव्ह उघडायचाच नाही. उबंटू आतले ड्राइव्ह आपणहून उघडत नाही, क्लिक केलं तरच उघडतं. तेवढी शिस्त पाळली की झालं. दोघांमध्ये काही द्यायचं-घ्यायचं असेल तर पेनड्राइव्ह.

आणि डिझाइनची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आजच घ्या. त्याच कॅबिनेटमधल्या दुसऱ्या डिस्कवर घेतलेली प्रत म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

टॉवेलवाला · रविवार, रात्री ११:१०

झालं! गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चुकवत जाऊन एसएसडी आणली. बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यायलाच पावणेतीन तास गेले. मग मुलीनं स्वतः स्क्रू काढले, दोन्ही जुन्या वायरी काढून त्यांना चिंधीचे रंगीत तुकडे बांधले: लाल विंडोज, पिवळा डी. उबंटू २४.०४ टाकलं. अर्धा तास पण नाही लागला. वायरी परत लावल्या, विंडोज आलं, डिझाइनं जागच्या जागी. मी मधे दोनदा देवघरात जाऊन आलो ते इथं लिहिलं नाही तरी चालेल.

बिटलॉकर बंदच होतं. फास्ट स्टार्टअपची खूण काढली.

जुळेकरीण · सोमवार, सकाळी १०:००

अभिनंदन काका! चिंधीची कल्पना चोरणार आहे. ताईला सांगा, ब्लूटूथचा माउस असेल तर तो दर वेळी नव्यानं जोडावा लागेल. मशीनचा ब्लूटूथचा पत्ता एकच, पण दोन सिस्टिमची माउसशी ठरलेली खूण वेगवेगळी. माउसला वाटतं कुणीतरी तोतया आलाय. वायरचा माउस घ्या, सुखी राहाल.

टॉवेलवाला · गुरुवार, सकाळी ७:४५

मंडळी, एक लफडं झालंय. जॉबरनं रात्री १ वाजून २० मिनिटांनी टाकलेली नोंद आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ७:५० ला पडलीय. म्हणजे माल दिवसपाळीच्या नावावर. दिवसपाळीवाला खूश, रात्रपाळीवाला सकाळी सकाळी माझ्या दारात. वेळ दुरुस्त केली, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मशीनचा सेल गेला का? व्हायरस?

भुईकोट · गुरुवार, सकाळी ७:५८

किती तासांचा फरक? मोजा.

टॉवेलवाला · गुरुवार, सकाळी ८:०२

साडेपाच तास. बरोब्बर.

भुईकोट · गुरुवार, सकाळी ८:०४

मग सेल ठणठणीत आहे. कडकभाकरी, तुम्ही ‘घड्याळाचं उद्या लिहितो’ म्हणाला होतात!

कडकभाकरी · गुरुवार, सकाळी ९:३०

कान पकडतो. विसरलोच.

काका, डिस्क दोन झाल्या तरी घड्याळ एकच, ते मदरबोर्डवर आहे. विंडोज समजतं की त्यात भारतातली वेळ लिहिलेली आहे. लिनक्स समजतं की त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी लिहिलेली आहे, आणि दाखवताना तो साडेपाच तास मिळवतो. ताई साडेअकराला मशीनवरून उठल्या तेव्हा उबंटूनं नेटवरून बरोबर वेळ घेऊन घड्याळात यूटीसी लिहून ठेवली, म्हणजे संध्याकाळचे सहा. मग विंडोज उठलं, त्यानं सहा वाचले आणि सहाच मानले. दोघंही आपापल्या जागी खरे. विंडोज नेटवरून वेळ जुळवतं खरं, पण उठल्या उठल्या जुळवेलच असं नाही, तोवर जॉबरची नोंद पडून जाते.

उपाय दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘टाइमझोन इन्फर्मेशन’खाली ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ अशी डीवर्ड नोंद करून किंमत १ द्यायची, मग विंडोजही यूटीसी मानतं. किंवा उबंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ सांगायचं, मग उबंटू स्थानिक वेळ मानतं. एकच करा. दोन्ही केले तर पुन्हा साडेपाच तासांचा घोळ, फक्त उलट्या बाजूनं.

भुईकोट · गुरुवार, सकाळी ९:५०

जाणकार लोक पहिला उपाय सांगतात. दुसरा केला तर उबंटू स्वतःच इशारा देतं की स्थानिक वेळेनं उन्हाळी वेळ बदलताना गोंधळ होईल. युरोप-अमेरिकेत तो इशारा खरा आहे, तिथं वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं. आपल्याकडं घड्याळ बारा महिने तेच. कारखान्याच्या विंडोजला हात न लावता उबंटूलाच समजावणं मला बरं वाटतं.

अक्कलकोटरोड · गुरुवार, सकाळी १०:१५

सहमत. ज्याच्यावर पोट चालतं त्याची रजिस्ट्री उघडू नये.

हुरडापार्टी · गुरुवार, सकाळी १०:२०

व्हीएममध्ये हे झालं नसतं. जाता जाता सांगितलं.

पंढरपूर_एक्सप्रेस · गुरुवार, दुपारी ३:४०

धागा वाचून मीही करायचं ठरवलंय, पण लॅपटॉपवर. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटनं बऱ्याच लोकांचं लिनक्स बंद पडलं होतं ना? तसं पुन्हा झालं तर?

कडकभाकरी · गुरुवार, सायंकाळी ६:०५

झालं होतं. सिक्युअर बूटसाठी जुने, धोकादायक बूटलोडर अडवायची एक यादी असते, तिला एसबॅट म्हणतात. त्या अपडेटनं ती यादी कडक केली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागू होणार नाही असं सांगितलं होतं, पण अनेक ठिकाणी झाली आणि लिनक्स सुरू होताना ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून थांबायला लागलं. डेटा सुरक्षित होता. लोकांनी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून उबंटूत शिरून ती यादी काढली आणि सिक्युअर बूट परत चालू केलं. तुम्ही दोन गोष्टी करा: उबंटू अपडेट ठेवा, आणि इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह पुसून गाणी भरू नका. अडचणीला तोच कामाला येतो.

आणि एक. एकाच डिस्कवर दोन्ही टाकल्यावर ग्रबच्या, म्हणजे उबंटूच्या बूटलोडरच्या, यादीत विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो चालू करून अपडेट-ग्रब चालवायचं.

टॉवेलवाला · शनिवार, रात्री १०:३०

कालची रात्र: नोंद १:१५, घड्याळ १:१५. रात्रपाळीवाल्याला स्वतः स्क्रीन दाखवली.

आता नवीन भांडण. मशीन सुरू केल्यावर पहिलं कोण, यावरून. मुलीनं मला न विचारता बायोसमध्ये उबंटू पहिलं लावलं, तिला दर वेळी एफ १२ दाबायचा कंटाळा. सकाळी सहाला जॉबरचा फोन: ‘मालक, टीव्हीसारखं जांभळं काहीतरी आलंय, पासवर्ड मागतंय, मी काही केलेलं नाही.’

जकार्डपत्ता · शनिवार, रात्री १०:४१

विंडोज पहिलं ठेवा. ताईंना एफ १२ दाबायची सवय होईल, जॉबरला होणार नाही.

टॉवेलवाला · शनिवार, रात्री १०:५५

तसंच केलं. कीबोर्डवरच्या एफ १२ ला मुलीनं पिवळी चिंधी चिकटवलीय. ती म्हणते, लाल चिंधी जॉबरच्या कपाळाला बांधा.